काजळ्याचा कान

दगडी आली की बकरीची उभी राहायची रीत आधी बदलते. ती मागचे पाय फाकवते, पिलू तोंड घालायला आलं की त्याला लाथेनं उडवते आणि बसताना जमिनीचा अंदाज घेत घेत, खाली निखारे असल्यासारखी बसते. मग कासेला हात लावावा तर चटका बसतो. दुसऱ्या दिवशी तीच कास दगड होते. सडातून दुधाच्या जागी पिवळं पाणी आणि रक्ताच्या गाठी येतात. पुढं ती काळीनिळी पडली की बकरी वाचली तरी कास गेली असं समजायचं.

हिवरवाडीत त्या भादव्यात घरोघर हेच चाललं होतं. अमडापूरच्या बाजारापासून चार कोस आत असलेलं गाव. तेव्हा वऱ्हाडावर नागपूरचा हुकूम चालायचा आणि साहेबाच्या लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं होतं. पण गावाला लढाईपेक्षा पाऊस जड जात होता. पोळा होऊन गेला तरी उघाड नव्हती. जनावरांच्या कोठ्यात घोट्याएवढा चिखल, त्यातच शेण, त्यातच लेंड्या, त्यातच बकऱ्या बसायच्या. ज्याच्या घरी गाय नाही त्याच्या लेकरांच्या कण्यांवर बकरीचंच दूध पडायचं. आणि अशी घरं गावात पुष्कळ होती.

शेजारची सोजरा सकाळीच भिंतीपलीकडून ओरडली. तिच्या बकरीची कास रात्रीतून ताठली होती. रुख्मिणी हातातलं काम टाकून गेली. सोजरानं चुना-हळदीचा लेप लावून पाहिला होता, निरगुडीचा पाला वाफवून बांधला होता, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या. बकरी मान खाली घालून कण्हत होती. रुख्मिणीनं सड दोन बोटांत धरून हलकेच ओढला. बकरी ओरडली आणि तिच्या हातावर दह्याच्या पाण्यासारखं काहीतरी पडलं, वास मारणारं.

"गेली," सोजरा म्हणाली. "पोट्ट्यायले आता काय देऊ?"

 रुख्मिणीची नजर दुसरीकडं गेली होती. त्याच कोठ्यात, त्याच चिखलात, आजारी बकरीची पाठ, म्हणजे तिची पहिल्या वेताची लेक, उभी होती आणि तिची दोन करडं गुडघे टेकून ढुसण्या देत पीत होती. रुख्मिणीनं वाकून तिची कास चाचपली. मऊ होती, भाकरीच्या ओल्या पिठासारखी.

"हिले कसं काई झालं नाई?"

"तिचं नशीब," सोजरा म्हणाली.

रुख्मिणी घरी आली तरी तिचा हात ती मऊ कास विसरेना. ही पाठ काजळ्याची होती. दोन वर्षांखाली रुख्मिणीचा काजळ्या, तेव्हा नुकता वयात आलेला बोकड, काट्याचं कुंपण ओलांडून सोजराच्या कोठ्यात शिरला होता. सोजरानं त्यावरून आठ दिवस भांडण केलं होतं, कारण तिला बकरी पाटलाच्या बोकडाकडं न्यायची होती.

सगळं गाव पाटलाच्याच बोकडाकडं जायचं. हिंमतराव पाटलाचा बोकड म्हणजे वासराएवढा, काळाभोर, छातीवर आयाळ. त्याच्या आईची कास घागरीएवढी, चालताना दोन्ही मांड्यांवर आपटायची आणि बसली की चिखलात लोळायची. लोक ती कास पाहायला यायचे. तिच्या पोटचा बोकड आपल्या बकरीवर पडला की आपल्या घरीही घागर येईल, अशी सगळ्यांची समजूत. घागरी आल्याही. पण दर भादव्यात त्यातल्या निम्म्या फुटायच्या, आणि लोक नजर उतरवत बसायचे.

रुख्मिणीच्या बकऱ्यांची कास वाटीएवढी, पोटाला चिकटलेली. दूध बेताचंच. पण लग्न होऊन ती हिवरवाडीत आली त्या वर्षापासून तिच्या कोठ्यात दगडी शिरली नव्हती. ती काही वेगळं करत नव्हती. पाऊस तोच होता आणि चिखलही तोच.

तिची माय पिंपळगाव राजाची. त्या बाईचा एक हट्ट होता. जिला एकदा दगडी झाली तिची पाठ घरात ठेवायची नाही, मग ती शेराच्या जागी दोन शेर दूध का देईना. बाजारात नेऊन टाकायची. बापानं डोकं आपटलं, लोकांनी यडी म्हटलं, मायनं ऐकलं नाही. त्याच वंशाच्या वेलीतली कवडी नावाची पाठ तिनं रुख्मिणीला आंदण दिली होती. लग्नात चार माणसांत बोली झाली होती, जशी तेव्हा सगळीकडं व्हायची: आंदणाच्या बकरीची वेल बाईची, नर घराचे. म्हणजे पाठी झाल्या तर त्या रुख्मिणीच्या, त्यांना नवऱ्यानंही हात लावायचा नाही. बोकड झाले तर ते सासरचे. ते दर वर्षी खच्ची होऊन बाजारात जात. एकटा काजळ्या राहिला होता. काजळासारखा काळा, अंगानं बारका, लांब लोंबत्या कानांचा. नवरा तुळशीराम त्याला विकायचं म्हणाला की रुख्मिणी काहीतरी कारण काढायची.

तिचं मन एका गोष्टीभोवती फिरत होतं, पण ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. मायची वेल चांगली हे तिला ठाऊक होतं. पण सोजराची बकरी काही तिच्या वेलीची नव्हती. तिच्या पाठीत जे आलं ते काजळ्याकडूनच आलं असेल का? खात्री नव्हती. आणखी दोन-चार घरच्या पाठी पाहायला पाहिजे होत्या, आणखी एखाददुसरा पावसाळा पाहिजे होता.

त्या दिवसांत पाटलाच्या घरून ताक आणायची चाल होती. पाटलीण सरस्वतीबाई ओट्यावर उभी राहायची आणि खालच्या बायकांच्या लोट्यात वरून ओतायची. रुख्मिणीची सासू गोजरबाई अंगानं थकलेली, तिला ताकाशिवाय जेवण उतरायचं नाही, म्हणून रुख्मिणी लोटा घेऊन गेली. पाटलीणबाईच्या घागरीवाल्या बकरीची कास दोन दिवसांपूर्वीच काळी पडली होती. तिनं इतर बायकांना ताक घातलं आणि रुख्मिणीचा लोटा पुढं आला तेव्हा हात थांबवला.

"तू काऊन आली वं? तुह्या घरी तं दुधाच्या नद्या वाहून राह्यल्या."

 रुख्मिणी म्हणाली, सासूसाठी पाहिजे.

"सासूले तुह्या बकऱ्यायचं दूध पाज. सगळ्या गावच्या कासेतलं ओढून घेतलं, ते कोनाले पाजतं मंग?"

कोणीतरी पदरात हसलं. सोजराही तिथंच होती. काल जिनं रुख्मिणीला बोलावून नेलं होतं, ती आता आपल्या लोट्यात पाहत उभी राहिली. रुख्मिणी रिकामा लोटा घेऊन परतली. तिचा राग नाकावर कधी नसायचा, दातांत असायचा. घरी येईतो तिचा जबडा दुखायला लागला होता.

त्यानंतर वाट आपोआप वेगळी झाली. ती विहिरीवर गेली की बायका घागरी बाजूला सारत. निंदणाला ओळीनं बसल्या की तिच्या डाव्या-उजव्या अंगाला पिकाच्या ओळीचा एकेक तास मोकळा सुटे. एका म्हातारीनं आपल्या बकरीचं तोंड पदरानं झाकलं, रुख्मिणी रस्त्यानं जात होती म्हणून. कपाशीच्या पऱ्हाटीत वाकून वाकून तिच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा, बोटांच्या बेचक्या चिखलानं कुजल्या होत्या, आणि वर हे. ती कोणाशी भांडली नाही. गवताला मात्र ती मुळासकट असं उपटायची की बाजूची पऱ्हाटी हलायची.

मग एक दिवस मारुतीच्या पारावर गाव बसलं. बायका पाराकडं जायच्या नाहीत. तुळशीराम गेला. रुख्मिणी घरी ज्वारी पाखडत होती. तो परत आला तो सरळ न येता कोठ्याकडून आला, तेव्हाच तिला समजलं की काहीतरी आहे. तो जेवायला बसला आणि आईकडं पाहत बोलू लागला.

झालं होतं असं. कडूबा भगताच्या अंगात आलं होतं. मरीमाय बोलली होती की ज्या घरात रोग शिरला नाही त्याच घरी तो दडून बसला आहे, आणि त्या घरचा एकरंगी, अखंड बोकड मिळाल्याशिवाय ती त्याला गावाबाहेर नेणार नाही. येत्या अमावस्येला. सगळ्यांनी तुळशीरामाकडं पाहिलं. पाटलानं त्याला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. पाटलाचा हात पाठीवर पडायची ती पहिलीच वेळ. तुळशीरामानं शब्द दिला.

रुख्मिणीनं सूप खाली ठेवलं.

"कोनाले इचारून शब्द देला?"

"इचाराचं काय त्यात? नर घराचा असते. तुह्या बापानंच चार मानसात कबूल केलं होतं."

"मरीमायले बोकडच पाहिजे तं पाटलाचा काऊन नाई? तो बी एकरंगी काया हाये."

"तो गावाच्या कामाचा हाये. हा बारकुला, याचं काय?"

तेव्हा तिनं मनातलं सांगितलं. सोजराच्या पाठीचं सांगितलं. त्याच कोठ्यात मायची कास सडली आणि लेकीची लोण्यासारखी राहिली, ती काजळ्याची म्हणून. याच्या पाठी गावात झाल्या तर दगडी कमी होईल असं तिला वाटतं, खात्री नाही, पण वाटतं. आणि नेमका तोच यांना कापायचा आहे, दगडी जावी म्हणून.

तुळशीराम मनाचा वाईट माणूस नव्हता, पण त्याला हसू आलं.

"बोकडाले कास असते काय वं?"

गोजरबाईही हसली. रुख्मिणी हसली नाही.

"मानसात म्हनता लेकरू बापाचं, माय नुसतं वावर," ती म्हणाली. "मले दोन पोरीच झाल्या तं वावर खराब म्हनून तुमीच बोलले. मंग बकरीत ते काऊन पलटते? तिथं बापाचं काईच नसते?"

तुळशीरामाचं हसू गेलं. त्यानं ताट सरकवलं आणि शब्द गेला आहे, आता बोलायचं नाही म्हणून सांगितलं. शब्द मोडला तर उद्या पाटील पाण्याची पाळी देणार नाही, लोक सरणाला लाकूड देणार नाहीत. यातलं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच रुख्मिणीला जास्त चीड आली.

दोन दिवसांनी कडूबा भगत बोकड पारखायला आला. सोबत पाटलाचा सालदार होता. त्यांनी काजळ्याला दाव्यानं ओढून अंगणात घेतलं. धरायला रुख्मिणीला सांगितलं, कारण तो दुसऱ्या कोणाजवळ उभा राहत नव्हता. तिनं त्याचं डोकं मांडीला दाबून धरलं. भगतानं त्याचे ओठ उलटून दात पाहिले. अंगावर फुंकर मारत मारत केस उलटे केले, पांढरा एखादा निघतो का म्हणून. मागचे पाय फाकवून अंडं पाहिली, दोन्ही जागेवर आहेत ना. शिंगाच्या मुळाशी नख लावलं, खूर उचलले, कान ताणून उजेडात धरले. सालदार म्हणाला की गावाच्या कामी येईल असं पहिल्यांदाच तुळशीरामाच्या घरी काहीतरी सापडलं. तुळशीराम त्यावरही हसला.

"खोड नाई," भगत म्हणाला. "पन अमावस्येपावतर जपा. मांगं एकदा शिंग तुटलेला देला, तं गावात पटकी शिरली होती. मायले अखंडच लागते. वरखडा बी नाई पाहिजे."

त्यानं काजळ्याच्या कपाळाला हळद-कुंकू फासलं. सालदारानं जाता जाता त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, किती मांस निघेल ते पाहण्यासाठी मारतात तशी.

रुख्मिणीनं त्याचं डोकं सोडलं नव्हतं. हळदीचं बोट तिच्या लुगड्यालाही लागलं होतं. भगताचं शेवटचं वाक्य तिच्या कानात बसलं आणि तिथून हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाची तिरीप पडली म्हणून सगळं गाव निंदणाला पळालं. तुळशीराम वावरात होता, पोरी आजीजवळ. चारा कापायला म्हणून रुख्मिणी मागं राहिली. तिनं विळा दगडावर घासला. रोज घासायची तितकाच घासला. मग हिवराच्या शेंगा ओटीत घेऊन कोठ्यात गेली.

काजळ्या शेंगांच्या वासानं जवळ आला. तिनं त्याला भिंतीशी घेऊन गुडघ्यानं दाबलं, डावा कान मुठीत धरला. कान गरम होता, आतून गुलाबी, त्यात एक शीर उडत होती. त्याला जन्मल्यावर तिनंच पुसून कोरडा केला होता, नाकातला चिकटा तोंडानं ओढून थुंकला होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर हात थांबला असता. तिनं विळा खालून घातला आणि ओढला.

कानाला कूर्चा असते, ती एका ओढीत तुटली नाही. दुसऱ्यांदा ओढावं लागलं. काजळ्या माणसासारखा ओरडला, त्यानं तिला भिंतीवर ढकललं, तिच्या खांद्याला शिंग लागलं. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. हातात कानाचा अर्धा तुकडा राहिला, आणि तो अजून गरम होता.

गोजरबाई दाराशी येऊन उभी होती. तिनं सुनेकडं पाहिलं, बोकडाकडं पाहिलं. मग तोंडाला येतील त्या शिव्या द्यायला सुरुवात केली. रुख्मिणीच्या मायला, पिंपळगावाला, लग्न जमवणाऱ्याला, सगळ्यांना. शिव्या देत देतच ती आत गेली, आणि शिव्या देत देतच चुलीतली राख आणि हळदीची डबी घेऊन बाहेर आली.

"दाब लौकर," ती म्हणाली. "माशी बसली तं किडे पडतीन. राक्षसीन."

संध्याकाळी तुळशीराम आला. रुख्मिणीनं काही लपवलं नव्हतं. कुंपणाच्या काट्यांत अडकला, कुत्र्यानं तोडला, असं सांगता आलं असतं. सोजरानं भिंतीवरून तसं सुचवलंही. पण रुख्मिणी विळा उंबऱ्यावर ठेवून बसली होती.

"मीनंच कापला."

तुळशीरामानं तिला मारलं. एकदा तोंडावर, एकदा खांद्यावर, जिथं शिंग लागलं होतं तिथंच. ती पडली नाही. रडली पण नाही. मारून झाल्यावर तोच भिंतीला टेकून खाली बसला आणि आता पाराला काय तोंड दाखवू म्हणत राहिला. ती म्हणाली, "माहंच दाखवा. मी येतो."

आणि ती खरंच गेली. गावात त्याआधी कोणी बाई पारासमोर बोलली नव्हती, आणि तिलाही बोलू दिलं नाही. तुळशीरामानं पागोटं काढून काखेत धरलं आणि बायकोच्या वतीनं माफी मागितली. लोक तोंडाला येईल ते बोलले. भगत थरथरत होता, पण तो रागानं की भीतीनं ते सांगता येत नव्हतं, कारण अमावस्या परवावर आली होती, मरीमायला बोकड कबूल झाला होता, आणि अखंडच लागतो हे तोच सांगून बसला होता.

"मंग आता?" कोणीतरी विचारलं.

गावातले बाकीचे बोकड खच्ची केलेले. त्यातले दोन तर पांढरटही होते. काळा, एकरंगी, अखंड असा एकच उरला होता, आणि तो पाटलाच्या कोठ्यात होता. हे सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं. सगळे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. हिंमतराव पाटलानं भगताकडं पाहिलं. भगतानं आभाळाकडं पाहिलं. ज्या घरात रोग शिरला नाही त्या घरचा पाहिजे, असं पाटील म्हणून पाहत होता. पण दोन पावसाळ्यांत दोन लेकरं गमावलेला एक म्हातारा मागून म्हणाला की मायला कबूल केलेलं चुकवू नका, पाटील. मग पाटलाला नाही म्हणता आलं नाही.

अमावस्येला पाटलाचा बोकड गेला. सरस्वतीबाई दार लावून रडली. घरोघर वाटा गेला, तो फक्त तुळशीरामाच्या दारावरून पुढं गेला. शिवाय गावानं ठरवलं की या घरच्या बकऱ्या, गुरं गोळा होतात त्या गावाच्या आखरात उभ्या राहणार नाहीत, गुराख्यामागं चरायला जाणार नाहीत. रुख्मिणीच्या दोन्ही पोरींना दुसऱ्यांच्या अंगणात खेळायला बंदी झाली. लहानी ती बातमी सांगत घरी आली तेव्हा रुख्मिणीनं तिचे केस इतके ओढून विंचरले की ती रडायला लागली.

मग रुख्मिणी स्वतः बकऱ्या घेऊन खडकाळ बरडीवर जाऊ लागली. सकाळी भाकरी बांधायची, दिवसभर ऊन-वारा खायचा, आणि वावरातलं काम परत आल्यावर. त्या बरडीवर तेव्हा हिवर होते, बोरी होत्या, टेकडीवरून पार साखरखेर्ड्याकडचा मुलूख निळा दिसायचा. आता तिथं एक झाड उरलेलं नाही. काजळ्याचा कान भरून आला. काठ जाड झाला, वाकडा. हिवाळ्यात तो तिथं सारखा पाय मारून खाजवायचा. रुख्मिणी त्याला तेल लावायची, आणि लावताना प्रत्येक वेळी तिला गावाचा राग नव्यानं यायचा. माझ्या हातून हे करवलं, असं ती मनात म्हणायची. मारलं त्याचं काही नाही. हे करवलं.

दिवाळीनंतर बकऱ्या माजावर आल्या. सगळ्या गावात कोठ्याकोठ्यातून रात्रंदिवस ओरडणं. आणि गावात बोकड एकच.

पहिल्यांदा सोजरा आली, मागच्या दारानं. बकरीचं दावं हातात, नजर जमिनीवर. रुख्मिणीनं तिला आत घेतलं, पण ती बस म्हणाली नाही. मग दुसरी आली, मग तिसरी. कोणाला काजळ्यावर विश्वास होता म्हणून नाही. अमडापूरला बकरी घेऊन जायची म्हणजे दिवस मोडतो, म्हणून. त्यांचे नवरे पारावर बसून तुळशीरामाच्या घराला वाळीत टाकत होते आणि बायका मागच्या दारानं बकऱ्या आणत होत्या. रुख्मिणी त्याबद्दल शेरभर दाणेसुद्धा मागायची नाही. फक्त पुढच्या वेळेला पुढच्या दारानं ये, एवढंच प्रत्येकीला सांगायची. कोणी आली नाही.

चैत्रात करडं झाली, बारकी, काळी. पाठी वाढल्या, गाभण राहिल्या, पुढच्या वर्षी व्याल्या. दुसरा पावसाळा असाच कुजका आला. जुन्या बकऱ्यांत दगडी आलीच. पण काजळ्याच्या पाठी ज्या कोठ्यात होत्या तिथं ती दारातून परतल्यासारखी झाली. एखाददुसरीला झाली, नाही असं नाही. बाकीच्यांची करडं चिखलात गुडघे टेकून पीत राहिली. लेकरांच्या कण्यांवर दूध पडत राहिलं.

गाव म्हणालं, मरीमाय पावली. पाटलानं पोटच्या पोरासारखा बोकड दिला, म्हणून पावली. मरीमायच्या ओट्यावर पाटलाच्या नावाचा नारळ दर अमावस्येला फुटू लागला. कडूबा भगताला धोतरजोडी मिळाली. तुळशीरामाच्या घरचं वाळीत टाकणं कोणी न सांगताच ढिलं झालं, आणि तुळशीराम म्हणू लागला की पाटलाचं मन मोठं. रुख्मिणी हे ऐकायची आणि भाकरी थापायची. तिच्या भाकरी त्या दिवसांत पातळ व्हायच्या, तिचा हात फार जोरात पडायचा.

त्याच वर्षी कार्तिकात एका सकाळी दारात सावली पडली. सरस्वतीबाई पाटलीण होती. पुढच्या दारानं आली होती, कारण मागच्या दारानं जायची तिला सवयच नव्हती. सालदार तापानं पडला होता, म्हणून बकरीचं दावं तिनंच धरलं होतं, अंगापासून लांब, साप धरल्यासारखं. बकरी माजावर होती, ओढत होती. पाटलीणबाईच्या पायातल्या वहाणा शेणानं भरल्या होत्या. ती इकडचं तिकडचं बोलली. पावसाचं, सरकीचं. मग म्हणाली, "मरीमायनं ऐकलं बाई साऱ्याइचं."

रुख्मिणीनं काजळ्याचं दावं सोडायला घेतलं होतं. ते तिनं परत खुंट्याला गुंडाळलं.

"मंग मरीमायकडंच न्या बकरी."

सरस्वतीबाईचा चेहरा लाल झाला. ती वळली, दोन पावलं गेली. बकरी मागं ओढत ओरडली. अमडापूर चार कोस दूर होतं आणि माज दुसऱ्या दिवशी उतरणार होता. ती थांबली. तिनं गल्लीत कोणी आहे का पाहिलं.

"काजळ्याचीच पाहिजे," ती हळूच म्हणाली. "पाठ त्याचीच पाहिजे. मले दिसते का नाई? मले बी डोये हायेत."

"मोठ्यानं सांगा."

"काय वं..."

"ज्या आवाजानं ताक नाकारलं होतं, त्या आवाजानं सांगा."

भिंतीपलीकडं सोजराचं धुणं थांबलं. ओट्यावर गोजरबाई सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला. सरस्वतीबाईनं एकदा पदर सावरला, आणि मग सांगितलं. गल्लीत ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं की मला तुझ्या काजळ्याची पाठ पाहिजे.

रुख्मिणीनं दावं सोडलं.

"धरा मंग बकरी. शिंगाले धरा, अन् गुडघा लावा. मी नाई धरनार."

पाटलीणबाई लुगडं खोचून चिखलात वाकली. काजळ्या हुंगत हुंगत आला. कापलेल्या कानाचं जाड टोक एकदा हललं, त्यावरची माशी उडाली. पाटलीणबाईनं तोंड फिरवलं.

"तिकडं नोका पाहू," रुख्मिणी म्हणाली. "कानाकडं पाहा."